स्कॅनर, सुडो आणि नऊ खुणा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकांचं काय करायचं हा प्रश्न गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे उभा राहिला. म्हसळ्यातल्या अशाच एका दुकानात मालकाने जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून घेतलं. मराठी टायपिंग, छपाई सुरळीत झाली, अडलं स्कॅनरवर. त्याची इन्स्टॉल स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर होती आणि ती चालवली की एकच उत्तर यायचं: परमिशन डिनाइड.

"पासवर्ड बरोबर आहे, दादा," काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला. पण इथे पासवर्डचा संबंधच नव्हता. फाइलचा तपशील काढला. वाचायला आर, लिहायला डब्ल्यू, चालवायला एक्स. मालक, गट आणि इतर, अशा तिघांच्या मिळून नऊ खुणा. एक्स कुठेच नव्हता. हक्क बदलणारी चमॉडची आज्ञा निमूट स्वीकारली गेली, तरी एक्स उमटेना. पेनड्राइव्ह फॅट३२ चा होता, आणि त्या पद्धतीत हे हक्क नोंदवायला जागाच नाही. फाइल होम फोल्डरमध्ये उतरवली, तेव्हा एक्स बसला.

मग आलं 'बॅड इंटरप्रिटर'. मला बरं वाटलं. संदेश बदलला म्हणजे काम पुढे सरकलं. स्क्रिप्ट विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झालेली होती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. जादा चिन्ह पहिल्या ओळीतल्या बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाला चिकटलं होतं, आणि संगणक त्या भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधत होता. सेडच्या एका आज्ञेने ते काढलं.

अशा वेळी हमखास सल्ला मिळतो: ७७७ करून टाका, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, आणि सगळं सुडोने चालवा. मला तो अजिबात पटत नाही. सुडो म्हणजे अख्ख्या संगणकाचे अधिकार त्या स्क्रिप्टच्या हाती. आणि या संगणकात लोकांची आधार कार्डं आहेत, सातबारे आहेत, आखातात निघालेल्यांच्या पासपोर्टच्या प्रती आहेत. म्हणून आधी स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. ती एक पॅकेज बसवत होती, बाकी काही नाही. मगच मालकाच्या खात्यातून सुडोने चालवली. मुलाच्या खात्याला सुडो नाही, आणि नसावाच.

आता सुडोने विचारलं की स्कॅनर दिसायचा, मुलाच्या खात्यातून नाही. म्हणजे ड्रायव्हर ठीक, अडचण हक्काची. लिनक्समध्ये उपकरणसुद्धा फाइल म्हणूनच दिसतं, तिलाही मालक आणि गट असतो. हिचा गट होता एलपी. यूजरमॉडने मुलाला त्या गटात घातलं, 'ए' आणि 'जी' ही दोन्ही अक्षरं नीट बघून. 'ए' गळला तर माणूस नव्या गटात जातो, पण बाकीच्या जोडगटांतून बाहेर पडतो. मालकाच्या खात्यावर असं झालं तर सुडोच हातचा जाईल.

तरी स्कॅनर दिसेना, कारण गटांची यादी लॉगिन करतानाच वाचली जाते. समोर एक काकी बसल्या होत्या, त्यांचा अर्ज अर्धा भरलेला.

"काकींचं सबमिट होऊ दे, मग लॉगआउट कर," मालक म्हणाले.

पावती निघाली. मुलाने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, आणि मागच्या गिऱ्हाइकाचा सातबारा पहिल्याच क्लिकला स्कॅन झाला.