उघड्यावरचा स्वयंपाक – लेखांक ५ : पाण्याविना शिजणारी पोपटी

दहा-बारा जणांचं जेवण उघड्यावर करायचं म्हटलं की आधी पाण्याची काळजी लागते. तांदूळ धुवायला पाणी, डाळ शिजायला पाणी आणि जेवणं उरकल्यावर तळाला लागलेलं पातेलं घासायला तर त्याहून जास्त. मुक्कामाच्या जागी विहीर किंवा झरा नसेल तर अर्धी पाठपिशवी कॅनांनीच भरते. आजच्या लेखांकातल्या जेवणाला शिजण्यासाठी पाण्याचा थेंब लागत नाही. तेलाची फोडणी नाही, ढवळायला डाव नाही, घासायला भांडं नाही. एक मातीचं मडकं, खडेमीठ, ओवा, शेतातल्या शेंगा आणि बांधावरचा पाला एवढ्यावर भागतं. आमच्या उलव्यापासून पनवेल, उरण, पेण, अलिबाग, रोह्यापर्यंत थंडीत ही पोपटी लावतात. माझ्या मते मुक्कामी जेवणाचा याहून शहाणा प्रकार महाराष्ट्रात दुसरा नाही. तो शहाणपणा कशात आहे, ते आज नीट पाहू.

पोपटीचं वेळापत्रक शेत ठरवतं. भात कापून झालं की खाचरात ओल शिल्लक असते. त्या ओलीवर वाल टाकतात. पुढे त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही, जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यांवर तो वाढतो. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत शेंगा भरतात. पोपटीला लागते ती दाणा भरलेली, पण साल अजून हिरवी आणि रसरशीत असलेली शेंग. साल पिवळी पडून सुकायला लागली की त्या शेंगेचा बिरडं करायला उपयोग, पोपटीला नाही. कारण पोपटीत पाणी शेंगेकडूनच यायचं असतं.

दुसरा मानकरी भांबुर्डा. हे झाड कुणी लावत नाही. भात निघालेल्या शेतात, बांधावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं हे तण. सूर्यफुलाच्या कुळातलं, मऊ लवदार पानांचं, बारीक पिवळ्या फुलांचं. पान बोटात चुरगळलं की कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा उग्र वास येतो आणि हाताला बराच वेळ चिकटून राहतो. कच्च्या पानाचा वास घेऊन पहिल्यांदा पोपटी खाणारा जरा बिचकतोच. पण आगीत तो उग्रपणा उतरतो आणि शेंगेच्या सालीत, बटाट्यात, अगदी अंड्याच्या कवचाच्या आतही एक मंद सुवास मुरतो. पाला खायचा नसतो, वासापुरता आणि वाफ धरून ठेवण्यापुरता वापरायचा. भांबुर्डा ओळखता येत नसेल तर गावातल्या माणसाला सोबत घेऊनच तोडावा. अनोळखी पाला मडक्यात कधीही भरू नये. पाला मिळालाच नाही तर केळीच्या पानावर निभावतं, जेवण शिजतं आणि पोटही भरतं. पण त्याला पोपटी म्हणायला माझं मन धजत नाही.

आता मडकं भरू. दहा-बारा जणांसाठी आठ-दहा लिटरचं जाड अंगाचं, साधं, बिनरंगाचं मडकं घ्या. रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं शोभेचं मडकं वर्ज्य, कारण तापल्यावर त्या रंगातून काय अन्नात उतरेल ते सांगता येत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मडकं कोरडं असू द्या. ओलं मडकं एकदम जाळात गेलं की मातीच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि मडकं तडकतं.

शेंगा दोन-अडीच किलो, लहान बटाटे एक किलो, डझनभर अंडी, मांसाहारी मंडळी असतील तर दीड किलो कोंबडी. शेंगा धुऊन निथळायच्या आणि त्यांना खडेमीठ आणि ओवा चोळायचा. बटाट्याला सुरीने चीर द्यायची आणि चिरेत मीठ-तिखट भरायचं. कोंबडीचे तुकडे लहानच हवेत. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि लिंबू एवढंच लावून ते केळीच्या पानात घट्ट बांधायचे. दह्यात बुडवलेलं, मसाल्याने थबथबलेलं मांस पोपटीत नको. त्याचं पाणी शेंगांवर गळतं आणि मग सगळ्याला एकच चव येते.

थर लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: मडकं पुढे उलटं होणार आहे. आज जो तळ आहे तो आगीत माथा होईल आणि सर्वांत जास्त तापेल. जे तोंड आहे ते जमिनीला टेकेल आणि सर्वांत कमी तापेल. म्हणून तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मग बटाटे, बरोबर मध्यावर कोंबडीच्या पुड्या आणि अंडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी पाला. अंडं मडक्याच्या भिंतीला टेकू द्यायचं नाही, फुटतं. तोंडाचा पाला हाताच्या मुठीने कोंबायचा. आमच्या शेजारच्या आगरी आजी प्रत्येक मडक्यापाशी उभ्या राहून नातवाला बजावतात, “दाबून भर रे, पोकल नको ठेवू.” तिथे पोकळी राहिली तर उलटं करतानाच शेंगा बाहेर पडतात. तेवढ्यावर निभावलं तरी वाफ तिथून निसटते आणि धूर आत शिरतो.

मडकं उलटं का? पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर चढते. तोंड वर असतं तर भेगेभेगेतून निघून गेली असती. इथे वरच्या बाजूला मडक्याचा बंद तळ आहे, त्यामुळे वाफ तिथे कोंडते. शेंगांच्या सालीतलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि ती थंड बटाट्यावर, अंड्यावर जाऊन पुन्हा पाणी होते. या अदलाबदलीत केवढी उष्णता वाहिली जाते पाहा. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. वाफ बटाट्याला भिडून पाणी होते तेव्हा त्या ५४० कॅलरी बटाट्याच्या हवाली करते. म्हणून कोरड्या उष्णतेपेक्षा वाफेवर अन्न लवकर आणि आतपर्यंत शिजतं. वाफेचं झालेलं पाणी खाली ओघळून तोंडाच्या पाल्यात मुरतं, पाला ओला राहतो आणि ओला पाला जळत नाही. झाकण, पाण्याचा साठा आणि मसाला ही तिन्ही कामं तो पाला करतो. हे कुठल्या प्रयोगशाळेत ठरलेलं नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून हे बसवलं, आणि त्यात कुठे काही सुधारावं असं मला अजून सापडलेलं नाही.

जाळाचंही शास्त्र आहे. जमीन साफ करून, गवत खरवडून मडकं पालथं ठेवा आणि तीन-चार विटांचे तुकडे लावून ते डळमळणार नाही असं करा. भोवती आधी शेणी, मग सुक्या काटक्या, वरून भाताचा पेंढा आणि नारळाच्या झावळ्या. पेंढा भडकन पेटतो आणि मडक्याला सगळीकडून एकदम ताव देतो, पण तो लगेच विझतो. पुढचा वेळ शेणीच सांभाळतात, त्या हळू जळतात आणि धग धरून ठेवतात. नुसत्या लाकडांवर लावलेली पोपटी बहुधा एका अंगाने करपते. खाडीकडून वारा येत असेल तर जाळ एका बाजूला झुकतो. अशा वेळी मडकं हलवायचं नाही, उघड्या पडलेल्या बाजूला इंधन सारायचं आणि वाऱ्याच्या बाजूला विटा रचायच्या.

अर्धा ते पाऊण तास लागतो. झालं हे ओळखायला वासासारखी खूण नाही. भांबुर्ड्याचा कच्चा उग्र वास जाऊन भाजल्या शेंगांचा गोडसर वास सुटतो. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन थेंब क्षणात उडाले पाहिजेत. मग निखारे बाजूला सारून, ओल्या गोणपाटाने मडकं धरून ते दोघांनी मिळून बाहेर काढावं. आतली वाफ तोंडावर येते, म्हणून पाला काठीने काढा आणि मुलांना लांब ठेवा. आधी कोंबडीची एक पुडी उघडून मोठा तुकडा हाडापर्यंत फोडून पाहा. मांस आतून ७४ अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं हवं. थर्मामीटर नसेल तर गुलाबी रंग आणि लालसर रस अजिबात दिसता कामा नये. शंका वाटली तर ती पुडी निखाऱ्यावर आणखी दहा मिनिटं ठेवा. बाकीचं कागदावर किंवा केळीच्या पानावर ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. शेंग दातांत धरून ओढली की दाणे जिभेवर येतात, साल हातात राहते. सालीवरचं मीठ आणि ओवा ओठांना लागतो, वेगळी चटणी लागत नाही.

आपला हा शोध एकाकी नाही. दक्षिण गुजरातेत वलसाड-नवसारीच्या हमरस्त्यावर थंडीत उबाडियुं मिळतं. तेही उलट्या मडक्यातलं, वालाच्याच कुळातली पापडी, कंद आणि सुवासिक पाला घालून केलेलं, पण शाकाहारी आणि बहुतेक विकण्यासाठी. न्यूझीलंडचे माओरी जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर हांगी लावतात. तिथेही पाला आणि माती वाफ कोंडून धरतात. जर्मनी-डेन्मार्ककडे जुन्या काळचे वेश करून दिवसच्या दिवस रानात भूमिका जगणाऱ्या मंडळींच्या छावण्या भरतात. आपल्याकडेही गडांवर शिवकाळ उभा करणारी शिबिरं घेण्याची हौस वाढते आहे. अशा शिबिराला पोपटी फार सोयीची. मडकं जाळात गेलं की एका माणसाने जाळ पाहिला तरी पुरतं, बाकीचे खेळाला मोकळे. फक्त काळ काटेकोर पाळायचा असेल तर बटाटा आणि रताळं दोन्ही वगळा, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. मिरचीही तिकडचीच, तिच्या जागी मिरी वापरा. कंद हवा तर कोनफळ घ्या. वाल मात्र निःशंक घाला, तो आपल्या मातीत हजारो वर्षं पिकतो आहे.

उलव्यात हे लिहिताना एक गोष्ट मनाला लागते. नवं शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्यांत इथली खाचरंही गेली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावं मूळ जागेवरून उठली. खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. माणसांची सोय झाली, ती नाकारायची नाही. पण पोपटीला शेत लागतं. वालाची शेंग बाजारातून आणता येते. बांधच राहिला नाही तर भांबुर्डा कुठे उगवणार? मीठसुद्धा एकेकाळी जवळच्या खाडीकाठच्या मिठागरांतलंच असे. आज इथले आगरी-कोळी पोपटी लावतात तेव्हा पाला बहुधा आतल्या गावांतल्या पाहुण्यांकडून येतो. पोपटीच्या निमित्ताने जिल्ह्यात कविसंमेलनंही भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मला मात्र वाटतं की नव्या सेक्टरांत राहायला आलेल्यांनी गावठाणातल्या शेजाऱ्यांकडून मडकं भरायला शिकावं. रिसॉर्टच्या हिरवळीवर पैसे भरून खाण्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त हाती लागतं.

लावायची कुठे? सोसायटीच्या आवारात नको आणि सुक्या गवताच्या मोकळ्या भूखंडावर तर मुळीच नको. कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे आग पेटवण्याचा विचारही करू नये. राखीव वनातही विस्तव करणं हा गुन्हा आहे. डिसेंबरनंतर सह्याद्रीतलं गवत इतकं वाळलेलं असतं की उडालेली एक ठिणगी डोंगर जाळू शकते. उत्तम जागा म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं कापणी झालेलं, पेंढा उचललेलं खाचर. त्याची परवानगी घ्या आणि त्यालाही जेवायला बसवा. प्रबळमाचीसारख्या ठिकाणी मुक्काम असेल तर ज्यांच्या अंगणात उतरता त्यांनाच जाळाची जागा विचारा.

शिजायला वाचलेलं पाणी विझवायला न्या, निदान दोन बादल्या. शेणी वरून राखाडी दिसली तरी आतून तासन् तास धुमसते. म्हणून पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही. शेंगांची सालं आणि पाला शेतकऱ्याच्या गोठ्यावर किंवा उकिरड्यावर जाऊ दे. हाडं आणि अंड्यांची कवचं पिशवीत भरून परत आणा. विमानतळाच्या परिसरात उघड्यावर खरकटं पडलं की घारी-कावळे जमतात आणि उडत्या विमानाला ते धोक्याचं असतं.

पुढच्या आठवड्यात तीन दगडांची चूल आणि गडावरचं पिठलं-भात. त्यासाठी घरातून काय दळून न्यायचं आणि काय वाटेत गोळा करायचं, तेही पाहू.