टाचांच्या भेगा उष्णतेने पडत नाहीत

टाचा फुटल्या की घरात तीन निदानं तयारच असतात: अंगात उष्णता झाली, कॅल्शियम कमी पडलं, नाहीतर तू पाणीच पीत नाहीस. तिन्ही बहुतेक वेळा चुकीची.

तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात. अंगावर इतरत्र बहुतेक ठिकाणी त्वचेला स्वतःचं तेल मिळतं, टाचेला मिळत नाही. त्यात इथली कातडी जाड. ती वाळून ताठर झाली, की उभं राहताना वजनाने पसरणाऱ्या टाचेबरोबर ताणली जाते आणि तडकते. म्हणूनच दिवसभर अनवाणी किंवा मागून उघड्या चपलेत उभ्या असणाऱ्या बायकांच्या टाचा आधी फुटतात. कोरडी थंडी, कढत पाणी आणि धुण्याचा साबण यांनी त्रास वाढतो. कॅल्शियमच्या गोळ्या इथे काही करत नाहीत. रोज पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवले, तरी टाच मऊ होत नाही.

‘रोज तेल लावते, तरी फरक नाही,’ ही तक्रार मात्र खरी असते. तेल ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. वाळक्या टाचेवर ते अडवणार काय? आधी पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, वज्री हलक्या हाताने फिरवावी, पाणी टिपावं आणि टाच ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावून सुती मोजे घालावेत. कोकणात टाचांना कोकमाचं तेल लावतात, ते अगदी योग्य आहे. ते घट्ट असतं, हाताच्या उबेने वितळतं आणि त्याचा थर टिकतो. कातडी फारच जाड असेल तर युरियायुक्त क्रीम उत्तम: युरिया पाणी धरून ठेवतो आणि कडक थर सैल करतो. हा औषधाच्या दुकानातला युरिया, खताच्या पोत्यातला नव्हे! उघड्या भेगेत तो झोंबतो, एवढं लक्षात असू द्यावं.

ब्लेडने कातडी तासणं मात्र कृपा करून थांबवा. मधुमेहात पायाच्या नसांवर परिणाम झाला की घाम कमी होतो, टाचा कोरड्या पडतात आणि दुखणंही जाणवत नाही. अशा पायावरची छोटी चीर कळायच्या आत चिघळते. मधुमेही माणसाने भेगा दिसताच डॉक्टरांना पाय दाखवावा.

आणि एकाच तळव्याला कोंडा, खाज असेल, तर तो नुसता कोरडेपणा नसून बुरशी असू शकते. तिच्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम चोळलं, तर खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते.