सोमवार, २१ जानेवारी १९९१

रविवार, संध्याकाळ

तांबड्या समुद्रात उभ्या असलेल्या 'साराटोगा' या अमेरिकन विमानवाहू जहाजावर सोमवारचं काम आदल्या दिवशीच येऊन पडायचं, आणि तेही कागदावर. रियाधमध्ये इराकविरुद्ध लढणाऱ्या सगळ्या आघाडीचं वेळापत्रक बनत असे. कुणी किती वाजता उडायचं, कुठल्या उंचीवर, इंधन कुठे घ्यायचं, रेडिओवर कुणाचं नाव काय. शेकडो पानांचा हा ऐवज हवाई दल आपल्या तळांना संगणकावरून धाडायचं. नौदलाच्या जहाजांकडे तो उतरवून घ्यायची सोयच नव्हती, म्हणून रोज एक विमान गठ्ठा घेऊन डेकवर उतरायचं. लेझरने खिडकी हेरून बॉम्ब टाकणाऱ्या युद्धाचं टपाल हे असं यायचं.

जहाजाला दिवस बरे नव्हते. डिसेंबरात हैफा बंदरात सुटीवरून परतणाऱ्यांची बोट उलटून २१ खलाशी बुडाले. १७ जानेवारीला, युद्धाच्या पहिल्याच रात्री, स्कॉट स्पायकरचं हॉर्नेट विमान परत आलं नाही. १८ला एक ए-६ बॉम्बफेकी विमान गेलं. त्यातल्या जेफ्री झॉनचा सुजलेला चेहरा रविवारी इराकी टीव्हीवर दिसला. सोमवारी उडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच असणार.

पहाटे

डेव्हॉन जोन्स आणि लॉरेन्स स्लेड, दोघेही लेफ्टनंट. विमान एफ-१४, रेडिओवरचं नाव 'स्लेट ४६'. जोन्स पुढे चालवायला, स्लेड मागे रडारवर. काम राखणदारीचं. शत्रूच्या रडारांना आंधळं करणारं एक प्रॉवलर विमान निघालं होतं, त्याच्यावर कुणी झडप घालू नये म्हणून सोबत जायचं. या कामात बहुतेक दिवशी काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणजेच काम झालं. वेळापत्रकात याला एक ओळ पुरते.

सहाच्या सुमारास

पश्चिम इराक. खाली ढगांची गादी. त्यातून एक क्षेपणास्त्र वर आलं. जोन्सला ते दिसलं, त्याने विमान वळवलं, पण क्षेपणास्त्रही मागोमाग वळलं आणि शेपटीपाशी फुटलं. हे सॅम-२, म्हणजे १९५०च्या दशकातलं सोव्हिएत डिझाइन. १९६० साली पॉवर्स या वैमानिकाचं यू-२ हे अमेरिकन हेरविमान पाडलं ते यानेच. रडार चुकवणाऱ्या विमानांची एवढी वर्णनं त्या महिन्यात छापून आली, की या म्हाताऱ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

एफ-१४ सपाट गिरकीत सापडलं, म्हणजे झाडावरून पडणाऱ्या पानासारखं आडवं फिरत खाली. त्यातून सावरणं जवळजवळ अशक्य. दोघांनी सीटसकट उडी घेतली. हवेत असताना ते एकमेकांना दिसत होते. मग ढग लागले, आणि ढगांखाली आल्यावर जोन्स एकटाच होता.

सात

लपायला झाड नाही, दगड नाही. जोन्सने कोरड्या ओढ्याचं पात्र गाठलं आणि कमरेच्या चाकूने खड्डा खणायला घेतला. वाळवंट म्हटलं की आपल्याला भुसभुशीत वाळू आठवते, पण तिथली जमीन कडक होती. चाकूचं पातं मातीत खुपसायचं, ढेकूळ उचकटायचं, हाताने बाजूला सारायचं. ढिगारा उठून दिसता कामा नये. अंग मुडपून मावेल एवढं बीळ तयार झालं तेव्हा तो आत शिरला. आता हातात रेडिओ आणि पुढचे सात तास.

रेडिओचंही एक दुखणं असतं. बोललं नाही तर आपल्या माणसांना कळत नाही, बोललं तर शत्रूलाही कळतं. रेडिओच्या लहरींवरून माग काढणारी यंत्रं इराककडे होती. शिवाय बॅटरी. त्यामुळे मोजकं बोलायचं आणि पुष्कळ ऐकायचं.

आठ

सौदी सरहद्दीजवळच्या अरारहून टॉम ट्रॅस्कचं पेव्ह लो हेलिकॉप्टर निघालं. ही दांडगी हेलिकॉप्टरं रात्रीच्या कामासाठी बांधलेली. युद्धाच्या पहिल्या रात्री सरहद्दीवरची रडारं उडवायला निघालेल्या अपाची हेलिकॉप्टरांना वाट दाखवली ती यांनीच. आज मात्र भरदिवसा जायचं होतं. वाटेत धुकं लागलं. पुढे आभाळ निवळलं, पण ते बरं झालं असं हेलिकॉप्टरवाला म्हणणार नाही.

जोन्स सापडला नाही. सापडणार कसा? विमान पडल्याची जी जागा कळवली गेली होती ती बरीच दक्षिणेला होती. इंधन संपत आलं तसं ट्रॅस्क माघारी फिरला. सकाळचं काम फुकट गेलं.

साधारण याच वेळात, काही मैलांवर, स्लेड इराकींच्या हाती लागला.

दहाच्या पुढे

पॉल जॉन्सन आणि रँडी गॉफ या दोघांना आज स्कड क्षेपणास्त्रांचे गाडे शोधायचे होते. त्यांची ए-१० विमानं दिसायला बेढब, चालीला मंद, रणगाडे फोडण्यासाठी एका सात नळ्यांच्या तोफेभोवती बांधलेली. या विमानाने सरहद्दीलगत घुटमळावं, बगदादच्या पश्चिमेला इतक्या आत शिरू नये, असा सगळ्यांचा हिशेब. पण ए-१०वाल्यांकडे आणखी एक वारसा होता. पाडलेल्या वैमानिकाला शोधणाऱ्या विमानाला व्हिएतनाम युद्धापासून 'सँडी' म्हणतात, आणि ते नाव आता यांच्याकडे आलेलं. हुकूम आला, स्कड सोडा, माणूस शोधा.

शोधायचं तर खूप वेळ वर राहायला हवं आणि त्यासाठी हवेतल्या टँकरकडून पुन्हापुन्हा इंधन घ्यायला हवं. सैनिकी इतिहासात धाडसाला पानंच्या पानं मिळतात, इंधनाला तळटीप. इंधनाचा हात कुठवर पोचला होता हे मुंबईकरांना तरी आठवावं. त्याच जानेवारीत सहार विमानतळावर अमेरिकन मालवाहू विमानं इंधन भरून आखाताकडे जात होती. त्यावरून दिल्लीत असा गदारोळ झाला की फेब्रुवारीत चंद्रशेखर सरकारला ते बंद करावं लागलं.

बारा वाजून गेल्यावर

जॉन्सनला रेडिओवर आवाज आला. पण तो आवाज कुणाचा? प्रत्येक वैमानिक युद्धावर जाण्यापूर्वी एका कार्डावर स्वतःबद्दलच्या चार गोष्टी लिहून देतो. घरच्या, लहानपणच्या, दुसऱ्याला ठाऊक नसणाऱ्या. वाळवंटातून हाक आली की त्यातलं काहीतरी विचारतात. उत्तर चुकलं तर तो सापळा.

हा जोन्सच होता. आता नेमकी जागा. वरून माणूस दिसत नाही, बीळ तर नाहीच, म्हणून जॉन्सनने विमान पाचशे फुटांवर आणलं. एवढ्या खाली विमान आणलं की ज्याला शोधायचं त्याला ते दिसतं, आणि इतर सगळ्यांनाही. जोन्स बिळातून सांगत होता, इकडे ये, आता माझ्या डोक्यावरून गेलास. जॉन्सनने जागा टिपून घेतली, आणि इंधनासाठी परत वर. ट्रॅस्क पुन्हा उत्तरेकडे निघाला.

दोनच्या सुमारास

हेलिकॉप्टर जवळ येत असताना धूळ उडवत एक लष्करी ट्रक दिसला. थेट जोन्सच्या दिशेने. रेडिओचा माग काढत आला असावा. जॉन्सनने तो उडवायला सांगितलं. ए-१०च्या तोफेचा आवाज वेगवेगळ्या गोळ्यांचा येत नाही, जाड कापड टराटरा फाडावं तसा एकच येतो. ट्रक पेटला.

त्या जळत्या ट्रकजवळच पेव्ह लो टेकलं. जोन्स बिळातून उठला आणि धावला. पहाटे विमान सोडल्यापासून जेमतेम आठ तास झाले होते.

ट्रकमध्ये कोण होतं, किती जण होते, हे आपल्याला माहीत नाही. सोमवारी सकाळी त्यांनाही कुणीतरी काम नेमून दिलं असणार.

चारनंतर

जॉन्सन आठ तासांहून जास्त वेळ एकाच सीटवर बसून परतला. या दिवसाबद्दल त्याला पुढे एअर फोर्स क्रॉस हे पदक मिळालं. ए-१०ने घडवून आणलेली ही पहिलीच सुटका. फेब्रुवारीत त्याच्याच विमानाच्या पंखाला क्षेपणास्त्राने माणूस मावेल एवढं भोक पाडलं, तरी त्याने ते तळावर आणून उतरवलं.

आघाडीने त्या युद्धात एक लाखाहून जास्त उड्डाणं केली. शत्रूच्या माऱ्यात गेलेली विमानं, हेलिकॉप्टरं सोडून, चाळिसाच्या आसपास, आणि त्यात एफ-१४ हे एकच. आकडा लहानच म्हणायचा. पण 'एक' या आकड्यामागे त्या सोमवारी दोन ए-१०, हेलिकॉप्टरं, टँकर, वरून पहारा देणारी लढाऊ विमानं आणि रियाधमध्ये नकाशावर वाकलेली माणसं दिवसभर राबत होती. आणि हा सारा खटाटोप दोघांतल्या एकालाच परत आणू शकला. स्लेड मार्चच्या पहिल्या आठवड्यात कैदेतून सुटला. स्पायकरच्या वाट्याला असा सोमवार आलाच नाही. त्याच्यासाठी त्या आठवड्यात कुठलंच हेलिकॉप्टर निघालं नाही. त्याचे अवशेष पश्चिम इराकच्या याच अन्बार प्रांतातल्या वाळूत २००९ साली मिळाले.

संध्याकाळ

तांबड्या समुद्रावर ते टपालाचं विमान नेहमीप्रमाणे येऊन उतरलं. दारातून गठ्ठा बाहेर आला. मंगळवारची पानं.