आंब्यावरचा वांडा

भिलाईच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशा हवेतही फुलणारं एक ऑर्किड मध्य भारतात रानोमाळ आढळतं: वांडा टेसेलाटा. आंबा, मोह अशा जुन्या झाडांच्या खोडांवर ते वाढतं. पुष्कळजण त्याला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. वांडा मात्र नुसता आधार घेतो.

त्याची मुळं हवेत लोंबतात. त्यांच्यावर मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो. कोरडी असताना ती रुपेरी दिसतात. पाणी शिंपडा, पाहता पाहता आतला हिरवा रंग उमटतो. जाड पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही.

विल्यम रॉक्सबर्गनं १७९५मध्ये या वनस्पतीची शास्त्रीय नोंद केली. फूल जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या, मधली पाकळी निळसर जांभळी, वर सुगंध.

घरी लावायचं तर रोप रोपवाटिकेतूनच घ्या. बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. म्हणून रानातून उपटलेल्या रोपाची जागा सहजी भरून निघत नाही. टांगत्या जाळीदार टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरा, माती नको. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी शेडनेट. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळं भिजवा. हिवाळ्यात पाणी कमी करा. शेंड्यात पाणी साचलं, तर रोप कुजतं.