छोटा छेद, मोठा छेद आणि ६३१ स्त्रिया

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात स्त्रियांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातले डॉ. पेद्रो रामिरेझ यांनी तिथे एका चाचणीचे आकडे मांडले. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलेल्या स्त्रियांमध्ये आजार जास्त वेळा उलटला होता आणि मृत्यूही जास्त झाले होते. पोट उघडून केलेलं जुनं ऑपरेशन सरस ठरलं होतं. सभागृहातल्या बहुतेकांचा अंदाज याच्या नेमका उलट होता. खुद्द चाचणी आखणाऱ्यांनाही हा निकाल अपेक्षित नव्हता.

मी डॉक्टर नाही. पण वैद्यकीय चाचण्यांचे निबंध वाचायची मला वर्षानुवर्षांची गोडी आहे, आणि स्त्रीरोग शस्त्रक्रियेतल्या अलीकडच्या संशोधनात याइतकं मला दुसरं काहीच गुंतवून ठेवत नाही. नवीन औषध बाजारात येण्याआधी त्याची तुलनात्मक चाचणी सहसा करावी लागते. ऑपरेशनची नवी पद्धत मात्र अनेकदा हातातून हातात पसरत जाते आणि तुलना मागाहून होते, किंवा होतच नाही.

ऑपरेशन कोणतं, ते आधी सांगते. रॅडिकल हिस्टरेक्टॉमी. साध्या ‘पिशवी काढण्या’पेक्षा हे कितीतरी मोठं काम. गर्भाशयाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचा आधार देणारा ऊतींचा पट्टा, म्हणजे पॅरामेट्रियम, आणि योनीचा वरचा भाग काढायचा, शिवाय ओटीपोटातल्या लसीकाग्रंथीही. हे सगळं दुर्बिणीतून जमू लागलं, तेव्हा डॉक्टरांना आणि रुग्णांना झालेला आनंद अगदी खरा होता. रक्तस्राव कमी, दुखणं कमी, बाई दोन-तीन दिवसांत घरी. आपल्याकडेही हे कसब फार वरच्या दर्जाचं होतं. पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने २००७ मध्ये २४८ शस्त्रक्रियांचा अनुभव ‘पुणे टेक्निक’ या नावाने आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि हे नाव जगभरच्या स्त्रीरोग शल्यविशारदांच्या ओळखीचं झालं.

तोवर प्रसिद्ध झालेले बहुतेक निबंध आपापल्या रुग्णांचा मागे वळून घेतलेला हिशेब मांडणारे होते. अशा हिशेबात एक अडचण असते. लहान गाठीची, धडधाकट बाई दुर्बिणीच्या टेबलावर जाते आणि अवघड केस पोट उघडायला. मग दुर्बीण चांगली दिसणारच. खरी तुलना हवी असेल तर कोणत्या बाईला कोणतं ऑपरेशन, हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं.

रामिरेझ आणि ब्रिस्बेनचे डॉ. आंद्रेआस ओबरमायर यांनी नेमकं तेच केलं. ‘लॅक’ नावाची ही चाचणी २००८ मध्ये सुरू झाली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कोलंबिया, इटली, चीन अशा देशांतली मिळून ३३ केंद्रं तिच्यात होती. सहभागी होणाऱ्या शल्यविशारदाला आपल्या दहा रुग्णांचे निकाल आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या दोन विनासंपादित चित्रफिती पाठवाव्या लागत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण निकाल लागल्यावर पहिला आक्षेप हाच आला की ऑपरेशन करणारे हात कच्चे असतील. दुसरा आक्षेप असा की एकेका केंद्रात फार थोड्या स्त्रिया होत्या, आणि पोट उघडलेल्या गटाचे निकाल नेहमीपेक्षा फारच चांगले आले. हे आक्षेप फालतू नव्हते. त्यांवर वर्षानुवर्षं वाद झाला आणि व्हायलाच हवा होता.

योजना ७४० स्त्रियांची होती, पण चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला मधले आकडे पाहून धोका दिसला आणि तिने २०१७ मध्ये नवी भरती थांबवली. तोवर ६३१ स्त्रिया सामील झाल्या होत्या : ३१९ दुर्बिणीच्या गटात, ३१२ उघड्या ऑपरेशनच्या. आजार उलटणं किंवा मृत्यू, अशा घटना दुर्बिणीच्या गटात २७ आणि दुसऱ्या गटात ७. नुसते मृत्यू पाहिले तर १९ आणि ३. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ८६ टक्के विरुद्ध ९६.५ टक्के. एकूण घटना थोड्या आहेत हे खरं, कारण हा आजार लवकर सापडला तर बहुतेक स्त्रिया बऱ्याच होतात. पण तफावत अशी की डोळ्यांआड करता येत नाही. पुढे २०२४ मध्ये अंतिम आकडे आले, तेव्हाही चित्र तेच राहिलं : आजारमुक्त ८५ विरुद्ध ९६ टक्के, हयात ९०.६ विरुद्ध ९६.२ टक्के.

मला सर्वात जास्त चटका लावून गेला तो याच चाचणीचा २०२० मध्ये आलेला उपनिबंध. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी स्त्रियांना त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारलं होतं, आणि दोन्ही गटांत मोजण्याजोगा फरक आढळला नाही. ज्या सुखासाठी छोटा छेद पत्करायचा, ते सुख काही आठवड्यांतच दोन्हीकडे सारखं होत होतं.

‘लॅक’चा मूळ निबंध नियतकालिकाच्या ज्या अंकात आला, त्याच अंकात अमेरिकेतल्या २,४६१ स्त्रियांच्या नोंदींचा एक वेगळा अभ्यास होता. त्यातही चार वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ९.१ टक्के आणि उघड्या गटात ५.३ टक्के निघालं. त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. अमेरिकेत ही पद्धत २००६ च्या सुमारास पसरायला लागली, आणि तेव्हापासून रॅडिकल हिस्टरेक्टॉमी झालेल्या स्त्रियांचं चार वर्षं जगण्याचं प्रमाण दरवर्षी ०.८ टक्क्याने घसरत गेलं. टेबलाशी उभ्या असलेल्या कोणत्याही एका डॉक्टरला हे दिसणं शक्य नव्हतं. वर्षाला दहा-वीस ऑपरेशनं करणाऱ्याच्या अनुभवात अशी घसरण मावतच नाही.

माझी एक मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दुर्बिणीवर तिचा हात बसलेला आहे. निबंध आला तेव्हा मी तिला फोन केला. “वाचलास का गं?” एवढंच विचारलं. ती म्हणाली, “रात्रीच वाचला. सकाळच्या बाईला आता काय सांगू, ते ठरवतेय.” त्या बाईचं ऑपरेशन तिने आपल्या एका वरिष्ठ डॉक्टरांना बोलावून पोट उघडून केलं. ज्या कौशल्यावर आपली उभी कारकीर्द बांधली, ते आकडे पाहून बाजूला ठेवायचं, याला मी फार मोठं धाडस मानते.

असं का व्हावं? दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत जागा होते. गर्भाशय हवं तसं वळवता यावं म्हणून योनीमार्गातून मॅनिप्युलेटर नावाचं उपकरण आत सरकवतात. हे उपकरण गाठीतूनच जातं. शेवटी योनी कापायची वेळ येते, तेव्हा गाठ पोटाच्या पोकळीत उघडी पडते. उघड्या ऑपरेशनमध्ये शल्यविशारद गर्भाशय वरून चिमट्यांनी धरतो आणि योनीला गाठीच्या खाली चिमटा लावून मगच कापतो. यातला खरा गुन्हेगार कोण, याचं सर्वांत बोलकं उत्तर २०२० च्या ‘सक्कॉर’ या युरोपीय अभ्यासातून मिळालं. तो जुन्या नोंदींवरचा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ६९३ स्त्रियांच्या त्या हिशेबात मॅनिप्युलेटर वापरलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका उघड्या ऑपरेशनच्या अडीच पटींहून अधिक होता. ज्यांची योनी आधी शिवून गाठ झाकून घेतली होती, त्यांचे निकाल मात्र उघड्या ऑपरेशनसारखेच होते. माझं मत विचाराल तर दोष छेदाच्या लांबीचा नसावा, गाठ कशी हाताळली याचा असावा. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले डॉ. हेन्रिक फाल्कोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोट विरुद्ध उघडं ऑपरेशन अशी चाचणी याच प्रश्नासाठी आखली.

आता गंमत पाहा. हेच ओबरमायर ‘लेस’ नावाच्या चाचणीचेही प्रमुख. ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची. ७६० स्त्रिया, निकाल २०१७ मध्ये. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ८१.३ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८१.६. म्हणजे जवळजवळ बरोबरी. गर्भाशय तेच, दुर्बीण तीच. फक्त गाठ पिशवीच्या आत बंदिस्त होती. म्हणून ‘दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट’ असं कुणी सरसकट सांगायला लागलं की मला राग येतो. फायब्रॉइड, अंडाशयाची साधी गाठ, अस्तराचा कर्करोग, यांत दुर्बिणीने बायकांचं खरोखर भलं केलं आहे.

आजाराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकते. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण सापडतात. लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली. गाठ मोठी असेल तर ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि केमोथेरपी एकत्र देतात. टाटा मेमोरियलच्या ६३३ स्त्रियांवरच्या चाचणीत आधी केमोथेरपी देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा हाच मार्ग सरस ठरला : पाच वर्षांनी आजारमुक्त ७६.७ टक्के विरुद्ध ६९.३.

रॅडिकल हिस्टरेक्टॉमीचा इतिहास तर कादंबरीचा विषय आहे. व्हिएन्नात एर्न्स्ट वेर्थहाइम यांनी १८९८ मध्ये पोटातून हे ऑपरेशन केलं. ना प्रतिजैविकं, ना रक्तपेढी. सुरुवातीला दगावणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण भयंकर होतं, पण या माणसाने हिशेब लपवला नाही. १९११ मध्ये ५०० ऑपरेशनांचा लेखाजोखा ग्रंथरूपाने मांडला. त्यांचे गुरू फ्रिडरिश शाउटा यांनी तेच काम योनीमार्गाने करायची पद्धत रूढ केली. पोटातून की खालून, हा गुरू-शिष्यांचा वाद शतकभर चालला. पुढे कोलकात्याचे डॉ. सुबोध मित्र यांनी शाउटांच्या वाटेने जाऊन, लसीकाग्रंथी वेगळ्या छेदातून काढण्याची जोड दिली. ‘मित्र ऑपरेशन’ म्हणून ते पाठ्यपुस्तकांत गेलं. आपल्या मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकरांचा टाका जन्मला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. डॉ. मित्र यांचं नाव मात्र वैद्यकाबाहेर कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

एका शिक्षण रुग्णालयात परवानगी घेऊन मी हे उघडं ऑपरेशन पाहिलं आहे. सगळा जीव अडकलेला असतो तो युरेटरमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत. ती गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. पॅरामेट्रियम काढायचं तर ती मोकळी करावीच लागते. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी चिमट्याने हलकेच स्पर्श केला आणि ती नळी गांडुळासारखी वळवळली. “वळवळली की ओळखायचं, हीच ती,” ते शिकाऊ मुलीला म्हणाले. याच भागात मूत्राशयाच्या बारीक नसा असतात. त्या दुखावल्या की बाईला लघवी साफ होत नाही किंवा धरवत नाही. कर्करोगातून वाचलेल्या कितीतरी जणी हे दुखणं कुणाला न सांगता सोसतात.

म्हणूनच २०२४ चा ‘शेप’ चाचणीचा निकाल वाचून मला मनापासून आनंद झाला. कॅनडाच्या डॉ. मारी प्लांट यांच्या नेतृत्वाखाली, दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ आणि कमी धोका असलेल्या ७०० स्त्रिया. अर्ध्यांना रॅडिकल, अर्ध्यांना साधी हिस्टरेक्टॉमी. लसीकाग्रंथींची तपासणी दोन्ही गटांत. तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण रॅडिकल गटात २.१७ टक्के, साध्या गटात २.५२. फरक नगण्य. लघवी तुंबण्याची तक्रार चार आठवड्यांनंतरही रॅडिकल गटात ९.९ टक्के स्त्रियांना होती, साध्या गटात ०.६ टक्के. एका चाचणीने सांगितलं होतं की या आजारात मोठा छेद घ्या. दुसरीने सांगितलं की लहान गाठीत आतून कमी काढा. बाहेरून दिसणारा छेद आणि आतून गमावलेला भाग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मला तरी या दोन निबंधांमुळेच नीट उमगलं.

पण ‘शेप’चा फायदा मिळायला गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडायला हवी. ती इतक्या लवकर कशी शोधता येते, हे समजून घ्यायला मी बार्शीला गेले. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांवर जगप्रसिद्ध अभ्यास केला होता. गावांचे ५२ गट पाडून कुठे एचपीव्ही तपासणी, कुठे पॅप, कुठे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. एका वेळच्या एचपीव्ही तपासणीनंतर आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. या दुसऱ्या गटाला तपासणी दिली नाही, याबद्दल नंतर नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. तिकडच्या एका गावात एक आजी म्हणाल्या, “तपासायच्या बाया आल्त्या, आमी देवळात बसून नंबर लावला.” जगभरच्या तपासणी-धोरणांत उद्धृत होणारा निबंध या रांगेतून उभा राहिला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तर त्यांनी सुनेला हाक मारून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मैत्रिणीच्या बोलण्यात आता एक वेगळीच काळजी असते. तिच्या हाताखालच्या मुला-मुलींनी दुर्बिणीवर सुरेख काम शिकून घेतलं आहे, पण पोट उघडून रॅडिकल हिस्टरेक्टॉमी त्यांनी फारशी पाहिलेलीच नाही. ‘लॅक’नंतर उघडं ऑपरेशन पुन्हा प्रमाण ठरलं, आणि ते शिकवणारे हात निवृत्तीला आलेले. तिने त्या वरिष्ठ डॉक्टरांना आठवड्यातून एक दिवस शिकवायला यायची विनंती केली आहे. ते येतात, आणि युरेटर कसा ओळखायचा इथपासून सुरुवात करतात.