त्वचेतील सारकॉइडोसिस : कुष्ठाचे निदान करण्यापूर्वी

नाक, गाल, कानांच्या पाळ्या यांवर तांबूस-जांभळट, टणक, कंडूरहित उत्सेध दिसताच वैद्याच्या मनात प्रथम कुष्ठरोग येतो. आणि आपल्या देशात तो यावाही. डिसेंबर २००५ मध्ये त्याचे राष्ट्रीय प्रमाण दर दहा हजारी एकाखाली आले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. परंतु हेच चित्र सारकॉइडोसिसमध्येही दिसते. या व्याधीस संहितांमधील नेमके नाव शोधून चिकटविण्यात आम्हांस स्वारस्य नाही. दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे.

चरकाचार्यांनी कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शाज्ञत्व सांगितले आहे. म्हणून प्रथम कापसाने व टाचणीच्या टोकाने संवेदना तपासावी, कोपरामागील नाडी जाड झाली आहे काय हे चाचपावे. सारकॉइडोसिसच्या चट्ट्यात संवेदना सहसा शाबूत असते. मात्र चेहऱ्यावरील कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही ती कित्येकदा टिकून राहते, हे विसरू नये. काचपट्टीने दाबल्यास दिसणारी पिवळसर-तपकिरी छटाही निर्णायक नव्हे. त्वचेच्या क्षयातही ती आढळते. जुना व्रण वा गोंदण अनेक वर्षांनी एकाएकी फुगून लाल झाले असेल, तर संशय बळावतो.

निर्णय बायोप्सीनेच होतो. मध्यभागी कोथ नसलेले ग्रॅन्युलोमा मिळावेत, तसेच क्षय व कुष्ठ यांचे जंतू विशेष रंजनातही दिसू नयेत. नडग्यांवरील वेदनायुक्त लाल गाठींतून तुकडा घेतल्यास असे ग्रॅन्युलोमा सापडत नाहीत, तो अन्य चट्ट्यातून घ्यावा. सोबत छातीचा एक्स-रे, नेत्रपरीक्षण, ईसीजी व रक्तातील कॅल्शियम पाहावे. त्वचेवर दिसणारा हा व्याधी फुफ्फुसे, डोळे वा हृदय यांतही दडलेला असू शकतो.

कॅल्शियमचा मुद्दा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. ग्रॅन्युलोमातील पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्राश्मरी व वृक्कविकार उद्भवू शकतात. प्रवाळ, शंख, शुक्ती, मौक्तिक ही आपली नित्याची कल्पे कॅल्शियमयुक्तच आहेत. निदान निश्चित झालेल्या वा संशयित रुग्णास ती, तसेच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तपासणीवाचून देऊ नयेत. आतपसेवनही सुचवू नये. स्टेरॉइड घेत असलेला रुग्ण हाडांच्या बळकटीसाठी दुकानात येऊन नेमके हेच मागतो. अशा वेळी औषधविक्रेते बंधूंनी बाटली देण्यापूर्वी रक्ततपासणीचा कागद पाहावा.