बिनखर्चाची उन्हाळी सुटी : काठीच्या सावलीपासून सप्तर्षींपर्यंत

नवी दिल्ली : वार्षिक परीक्षा संपल्यावर पहिले चार दिवस मुलांना मोकळेपणाचे अप्रूप असते, पाचव्या दिवसापासून ‘कंटाळा आला’ ही तक्रार सुरू होते. शहरांत तिच्यावर उन्हाळी शिबिर हा उपाय रूढ झाला आहे. परंतु त्याचे शुल्क सर्वांनाच परवडते असे नाही. मग उरतो तो मोबाइल. वस्तुतः घराबाहेर रमण्यासाठी पैशापेक्षा दोन गोष्टींची अधिक गरज असते : दिवसातील योग्य वेळ आणि ज्याचे उत्तर मुलाला स्वतःच शोधावे लागेल असे एखादे काम.

वेळेचा विचार आधी करावा लागतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. किनारपट्टीसाठी हा उंबरठा ३७ अंशांचा आहे. दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळावे, असा विभागाचा सल्ला असतो. म्हणजे खेळासाठी सकाळ आणि संध्याकाळ उरते. तीही सर्वत्र सारखी नसते. मे महिन्याच्या अखेरीस कोलकात्यात पहाटे पाचच्या आत सूर्योदय होतो, तर मुंबईत सहा वाजतात. मुंबईतील मुलाची नऊपर्यंतची सकाळ कोलकात्यात आठच्या आतच संपलेली असते.

या नियमाला अपवाद करावा असा एकच उपक्रम आहे, तोही काही मिनिटांचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील भारतात वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. बंगळूरु व चेन्नईत तो २४ एप्रिलच्या सुमारास येतो. पुढे सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा पणजीत मेच्या पहिल्या आठवड्यात, हैदराबादेत ९ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. वडोदरा व इंदूरची पाळी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते. परतीच्या वाटेवर, जुलै-ऑगस्टमध्ये, तो पुन्हा येतो. परंतु तेव्हा बहुधा ढग असतात. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे सावली कधीच शून्य होत नाही.

खरी गंमत याच फरकात आहे. एक भावंड नागपुरात आणि दुसरे दिल्लीत असेल, तर २६ मे रोजी दोघांना मिळून पृथ्वीचा परीघ मोजता येतो. लागते ती एक मीटर लांबीची सरळ काठी, माती भरलेली कुंडी, खडू आणि काठी लंबरूप आहे की नाही हे पाहण्यासाठी दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा. घड्याळातील बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात. त्या दिवशी नागपुरात सूर्य सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी, तर दिल्लीत १२ वाजून १८ मिनिटांनी सर्वांत उंच असतो. म्हणून बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी.

नागपुरात ती जवळपास नाहीशी होईल. दिल्लीत सुमारे १३ सेंटिमीटर भरेल. काठी आणि सावली यांचा त्रिकोण प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने मोजला, तर काठीच्या टोकाशी होणारा कोन साधारण साडेसात अंशांचा येतो. पूर्ण वर्तुळात असे ४८ कोन बसतात. नकाशावरून दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ८५० किलोमीटर मिळते. त्याला ४८ ने गुणल्यास ४०,८०० किलोमीटर येतात. प्रत्यक्ष परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने सायीनी, म्हणजे आजचे अस्वान, आणि अलेक्झांड्रिया यांच्या आधारे हेच गणित मांडले होते. त्याचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश होता. नागपूर-दिल्ली जोडी त्याच्या इतकी जवळ यावी, हा केवळ योगायोग.

विदर्भात याच दिवसांत नवतपा असतो, हे मात्र विसरता येणार नाही. उन्हात काठीने उभे राहायचे आहे, मुलाने नव्हे. त्याने टोपी घालून सावलीत बसावे आणि खूण करण्यापुरतेच बाहेर यावे. लाटेचा इशारा असेल, तर बेत रद्द करण्यात कमीपणा नाही.

सकाळच्या गारव्यात पक्षी हे सर्वांत स्वस्त सोबती. तांबटाचा ‘टुक् टुक्’ आवाज कोणत्या झाडावरून येतो हे शोधण्यात अर्धा तास सहज जातो. जुन्या वहीत रोजची नोंद ठेवली तर उत्तमच. मेच्या अखेरीपासून जांभूळ आणि कडुलिंबाच्या बियाही जमवता येतात. त्यांची उगवणशक्ती लवकर कमी होत असल्याने त्या डब्यात भरून न ठेवता लगेच पेरणे इष्ट.

संध्याकाळ खेळांची. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो. हिंदी भाषक भागात तिलाच पिट्ठू म्हणतात. विटीदांडू उत्तरेत गिल्ली-डंडा होतो. त्यातील वकट, लेंड, मूंड, नाल ही जुनी मोजणी हैदराबादेतील मराठी मुलाने शेजारच्या मित्राला ऐकवली, तर तो चकित होईल : तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी तिचे साम्य उघड आहे. हा खेळ मोकळ्या मैदानातच हवा आणि बघ्यांनी दूर उभे राहावे. उडालेली विटी डोळ्याला गंभीर इजा करू शकते.

फुकट म्हणून पाण्याकडे वळणारी पावले मात्र रोखावीच लागतात. दर उन्हाळ्यात विहिरी, खदानी, नदीचे डोह आणि शेततळी यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. शेततळ्याचे पाणी संथ आणि निरुपद्रवी दिसते. पण त्याच्या उतारावर अंथरलेले प्लास्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. मदतीला उडी घेणाराही अडकतो. पोहता येणारी मोठी व्यक्ती सोबत असल्याशिवाय मुलांना तेथे जाऊ देऊ नये. काठाशी दोर किंवा हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवणे शेतमालकाला फारसे खर्चाचे नाही.

अंधार पडल्यावर गच्ची थंड होते. मे महिन्यात उत्तरेकडे सप्तर्षी उंच दिसतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे वाढवत नेला की प्रथम नारिंगी स्वाती आणि मग पांढरीशुभ्र चित्रा सापडते. दुर्बिणीची आवश्यकता नाही. शहराच्या उजेडातही हे दोन तारे दिसतात. थोड्या उशिरापर्यंत जागण्याची परवानगी मिळाली, तर आग्नेयेकडे वृश्चिक वर येतो, आणि त्यातील तांबूस ज्येष्ठा ओळखायला पाच वर्षांच्या मुलालाही वेळ लागत नाही.